जळक्या खोडाचा ठिय्या

२३ ऑगस्ट

स्टेलान आज घरी येऊन एक काम गळ्यात मारून गेला. तो चालवतो त्या गावच्या शिकारी संघाला पन्नास वर्षं होतायत, पुस्तिका काढायची आहे, आणि जुन्या शिकाऱ्यांनी एकेक पान लिहून द्यायचं: शिकारीतलं सर्वांत मोठं समाधान कोणतं? मी म्हटलं, "अरे, मी जन्मभर लाकडांचा ट्रक हाकला. मला कसलं लिहायला सांगतोस?" तर म्हणाला, "हिल्डिंग हो म्हणालाय." मग काय, जुना मित्र हो म्हणाल्यावर मला नाही म्हणता येईना.

हात बसावा म्हणून ही वही आणली. वही काही खास नाही. रेघा मधोमध झोल खाल्ल्यासारख्या छापल्यात. बायकोला, गुनवोरला, दाखवलं, तर म्हणाली, "सरळ आहेत, एवाल्ड." आणि उगाच माझ्याकडे बघत उभी राहिली. दुकानदार हल्ली काहीही खपवतात.

दुकानाबाहेर विषय निघालाच. माय-ब्रिट म्हणाली, जंगलातली शांतता. घरात तीन पोरं आणि वर सासू, तिला गोठ्यातसुद्धा शांतता वाटेल. स्टेलान म्हणाला, कुत्र्याचं काम बघणं. हिल्डिंग म्हणाला, "मटण. बाकी सगळ्या गप्पा." सगळे हसले.

मला माहीत आहे उत्तर, पण ते शब्दांत बसत नाही. जनावर झाडीतून बाहेर येतं त्याच्या जरा आधी अंगातलं सगळं थांबतं. ते थांबणं. पण एवढ्याने पान भरत नाही.

२९ ऑगस्ट

मोसमाआधीचा नेमबाजीचा सराव. रुळांवरून पळणारा एल्क हरणाचा लाकडी पुतळा तोच जुना, पण यंदा त्याला कुणीतरी फिकट रंग फासलाय. मागच्या झाडीत पार मिसळून जातो. तसं मी बोललो, तर सगळे आपापली काडतुसं मोजायला लागले.

हिल्डिंग खड्ड्यात बसून काठीने नेम कुठे लागला ते दाखवत होता. माझे सगळे बार छातीत. शेवटच्या वेळी तर मला लक्ष्य धड दिसलंही नव्हतं, अंदाजाने चाप ओढला, तरी काठी नेमकी फुफ्फुसावर! इतक्या वर्षांचा हात आहे. त्याचं तो बघून घेतो.

माय-ब्रिटला माझी भोकं जवळून बघायची होती. ती पोचेपर्यंत हिल्डिंगने त्यांच्यावर कागद चिकटवूनसुद्धा टाकले.

"एवढी कसली घाई?" ती म्हणाली.

"पाऊस येतोय."

पाऊस काही आला नाही.

२ सप्टेंबर

गुनवोरला म्हातारपणी गाडी चालवायची हौस आली आहे. किल्ली आधीच तिच्या खिशात असते. मी जन्मभर चाळीस टनांचा ट्रक बर्फातून काढला, आणि आता बायकोशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसतो.

येताना म्हणाली, "ओस्टरसुंडला जाऊन डोळे दाखवून येऊ."

"शिकार होऊ दे."

"आधी जाऊ."

"शिकार होऊ दे म्हटलं ना!"

घरी आल्यावर चौकटीला खांदा आपटला. ही चौकट वाकली आहे, सुताराला बोलवायला हवं. गुनवोर रानफळं आणायला म्हणून बादली घेऊन हिल्डिंगकडे गेली आणि बऱ्याच वेळाने परतली. बादली रिकामी, डोळे लाल. म्हणाली, यंदा फळं धरलीच नाहीत. एवढ्यासाठी रडायचं?

६ सप्टेंबर

जंगलातल्या शिकारीच्या झोपडीवर आलो. चुलीवर ओले मोजे, भांड्यात मटार, सगळ्यांच्या अंगाला बंदुकीच्या तेलाचा वास. माझं खरं घर हेच आहे असं मला कधीकधी वाटतं. गुनवोरला हे सांगता येत नाही.

कोणी कुठल्या ठिय्यावर बसायचं त्याच्या चिठ्ठ्या स्टेलानच्या टोपीतून काढल्या. टोपी हिल्डिंगच्या हातात होती. मी चिठ्ठी उघडतोय तोवर त्याने खांद्यावरून डोकावून वाचलीसुद्धा: "जळकं खोड! परत!" आणि त्याला स्वतःला शेजारचा ओढ्याचा ठिय्या. तीन वर्षं हेच चाललंय. नशीब असतं एकेकाचं.

"तुमचं दोघांचं लग्नच लावून टाकू," स्टेलान म्हणाला.

"हुंडा काय देतोस?" हिल्डिंग म्हणाला. "याचे मोजे सोडून काहीही चालेल."

त्याची कुत्री टुस्सा माझ्या पायांवर झोपली आहे. मोठी करडी कुत्री, कोल्ह्यासारखे उभे कान. गेल्या वर्षी तिने एक मोठा नर भुंकून भुंकून अर्धा दिवस जागेवर अडवून धरला होता. हिल्डिंगची बायको गेल्यापासून तो तिच्याशीच बोलतो. आत्ताही तिला सांगत होता, "बाई, उद्या तुला सुट्टी. उद्या स्टेलानच्या कुत्र्याची पाळी."

माय-ब्रिट हसत नव्हती.

७ सप्टेंबर

आज मारला.

उजाडल्यापासून जळक्या खोडाशी दबा धरून बसलो होतो. दलदलीवर धुकं. हल्ली दलदलीवर रोजच धुकं असतं, पूर्वी इतकं नसायचं. लांब उजवीकडे कुत्रं भुंकलं, थांबलं. मग फांद्या मोडल्याचा आवाज. एवढं घोड्याहून उंच जनावर, पण चालताना जेमतेम ऐकू येतं. मी सरळ बघत राहिलो तर काही नाही, आणि मान जरा वळवल्यावर कडेला ते उभं! काळं, ओलं, शिंगांवर पाणी. मला नेहमी असंच करावं लागतं हल्ली, जरा बाजूला बघायचं. जुने शिकारी सांगतच असत, जनावराकडे रोखून बघू नये.

सगळं थांबलं. मग चाप.

बार घुमला, लगेच पुन्हा घुमला. ओढ्याकडचा कडा आवाज परत पाठवतो. जनावर चार पावलं गेलं आणि गुडघ्यांवर बसलं. मी धावत पोचेपर्यंत हिल्डिंग तिथे हजर! धापा टाकत होता, बंदूक पाठीला. त्याने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"फुफ्फुसात," तो म्हणाला. "तुझाच बार, म्हाताऱ्या."

मग तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लहान मुलाला भेट उघडताना बघावं तसा. मला लाज वाटली, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नराच्या पोटाला हात लावला. गरम होतं. वाफ निघत होती. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर पानच काय, पुस्तक सांगितलं असतं.

संध्याकाळी लाकडं आणायला मागे गेलो, तर भिंतीपलीकडे माय-ब्रिटचा आवाज आला.

"आणि ज्या दिवशी तू तिथे नसशील त्या दिवशी काय?"

"मी असेन," हिल्डिंग म्हणाला.

"तुझं वय बघ."

"मी असेन म्हटलं ना."

त्याच्या पाठीच्या दुखण्याबद्दल असणार. पुढच्या वर्षी त्याला जमेल की नाही कुणास ठाऊक. मी जाणार त्याला आधार द्यायला, अजून कोण?

१० सप्टेंबर

पान लिहून झालं. स्टेलानच्या हाती देऊन टाकलं, म्हणजे मन बदलायला नको. सोमवारचाच नर लिहिला. "एक बार, जनावर जागीच, आणि मित्राचे हात खांद्यावर." स्टेलानने वाचलं आणि बराच वेळ घडी घालत बसला.

"वाईट आहे का?"

"नाही," म्हणाला. "चांगलं आहे, एवाल्ड."

१४ सप्टेंबर

हे लिहायलाच हवं.

सकाळी स्टेलानच्या कुत्र्याचा पंजा तारेत कापला. म्हणून टुस्साला काढलं, आणि तिच्याबरोबर हिल्डिंगला जंगलातून चालत जावं लागणार होतं. ओढ्याचा ठिय्या रिकामा राहणार. हिल्डिंग मला म्हणाला, "तू आज झोपडीतच थांब. दुपारचं सूप तुझ्याकडे."

"सूप? मी?"

"धुकं आहे."

"धुक्यात मी तुझ्या आधीपासून शिकार करतोय."

"एवाल्ड, आजचा दिवस ऐक."

सगळ्यांसमोर. ते गेले. मी मटार भिजत टाकले आणि चुलीसमोर बसलो. स्वयंपाकी म्हणून बसलो. मग बंदूक घेतली आणि जळक्या खोडाशी गेलो. माझा ठिय्या आहे तो. चिठ्ठीत निघालेला.

टुस्सा खूप लांब भुंकली, मग गप्प. मी वाट बघितली. समोरच्या उतारावर धुक्यातून काहीतरी करडं हललं, गवतात अर्धं बुडालेलं. पाडस. मागे लाल फळांनी लगडलेलं एक झुडूप होतं, ते मला स्वच्छ दिसलं. मी मान वळवली, नेम धरला, सगळं थांबलं.

या वेळी बार एकदाच घुमला.

मग माणूस ओरडला. शब्द नव्हते त्यात.

मी गेलो. हिल्डिंग गवतात गुडघ्यांवर होता, टुस्साचं डोकं मांडीवर. तिच्या गळ्यातला नारिंगी पट्टा मला तिथे पोचल्यावर दिसला. ती पाय हलवत होती. हिल्डिंग वर न बघता म्हणाला, "नळी खाली कर." मग म्हणाला, "काडतूस काढ." माझ्याने ते निघेना. त्याने एका हाताने माझ्याकडून बंदूक घेतली, काढलं, बंदूक गवतात ठेवली आणि पुन्हा तिच्या कानांमागे खाजवायला लागला. ती थांबेपर्यंत.

१५ सप्टेंबर

शिकार बंद केली आहे. मला घरी आणून सोडलं.

दुपारी स्टेलान आला, स्वयंपाकघरात उभाच राहिला. विचारलं, "तू बार टाकलास तेव्हा तिच्या मागे काय होतं?"

"लाल फळांचं झुडूप."

"मी जाऊन आलोय तिथे. त्या उतारावर लाल फळांचं एकही झाड नाही."

मला समजलं नाही.

"हिल्डिंगच्या टोपीला लाल पट्टा आहे, एवाल्ड."

गुनवोरने हातातली कपबशी खाली ठेवली. मी परसात गेलो आणि अंधार पडेपर्यंत आत आलो नाही.

१६ सप्टेंबर

आज गुनवोर बोलली. तिने आधी दार लावून घेतलं, जणू बाहेर कुणी ऐकणार होतं.

तीन वर्षांपूर्वी तिनेच हिल्डिंगला विचारलं. मला दिसत नाहीये हे तिला तेव्हाच कळलं होतं, कारण मी तिच्या बहिणीला अंगणात ओळखलं नव्हतं. "शिकार सुटली तर तू तुझ्या वडिलांसारखा भिंतीकडे तोंड करून बसशील. मला ते बघवलं नसतं. हिल्डिंग म्हणाला, मी शेजारी बसेन, काळजी करू नकोस."

"शेजारी बसून काय करणार होता?"

तिने टेबलावरचं फडकं उचललं.

"गुनवोर, काय करत होता?"

"तुझ्याबरोबरच बार टाकायचा."

म्हणजे त्या आधीच्या सोमवारचा नर. गेल्या वर्षीची मादी. त्याच्या आदल्या वर्षीचे दोन. मी विचारलं, माझा एक तरी लागला होता का? तिने नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, एकदा खोडाला लागलेला सापडला होता.

मी खूप ओरडलो. मी काय पाळण्यातलं पोर आहे, मला खुळखुळा देऊन गप्प बसवायला? सगळा गाव हसत होता का? ती म्हणाली, "कुणी हसलं नाही. एकदाही नाही." त्याने जास्तच संताप आला. लिहायला नको, पण लिहितो: त्या घटकेला मला टुस्साची आठवणसुद्धा नव्हती. माझे चार एल्क गेले, एवढंच डोक्यात होतं.

२१ सप्टेंबर

ओस्टरसुंड. डॉक्टरीणबाई तरुण आणि नीट बोलणारी. डोळ्याचा मधला भाग मरतोय. कडा राहतील. उजवा गेलाच आहे, डावा त्याच वाटेवर. तिने चौकड्यांचा कागद दाखवला आणि विचारलं, रेघा कशा दिसतात. मी म्हटलं, झोल खाल्लेल्या. गुनवोर पर्सचा बंद घट्ट धरून बसली होती.

"तुम्ही गाडी चालवत नाही ना?"

"बायको चालवते."

"शिकार वगैरे?"

उत्तर गुनवोरने दिलं.

येताना स्टेलानकडे थांबून बंदूक आणि परवाना दिला. तो म्हणाला, पोलिसांशी मी बोलतो. दस्त्याला वडिलांच्या हाताने पडलेला खळगा आहे, तेवढा अंगठ्याने एकदा चाचपला आणि दिली. घरचं पोर अनोळखी माणसाच्या हातात द्यावं तसं वाटलं.

४ ऑक्टोबर

माय-ब्रिट मांसाचा वाटा घेऊन आली. मी म्हटलं, मला नको, माझा त्यात काही हात नाही.

"वाटा बार टाकणाऱ्याला नसतो, संघातल्या माणसाला असतो," ती म्हणाली. पिशवी टेबलावर ठेवली. बसली नाही. "मला तुमचा राग आलाय, एवाल्ड. हिल्डिंगचा जास्त आलाय. आणि माझाही, कारण मला दिसत होतं आणि मी एकदा बोलून गप्प बसले. तो बार दोन हात वर लागला असता तर आज आपण कबरीपाशी उभे असतो."

"तो कसा आहे?"

"टुस्साचं भांडं रोज धुतो आणि पालथं घालतो. असा आहे."

गुनवोरने मांस फ्रीझरमध्ये ठेवलं. आम्ही मासळी खातो.

१९ ऑक्टोबर

पहिला बर्फ. आज दोनदा हिल्डिंगच्या घराकडे निघालो. एकदा पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो, एकदा वळणापर्यंत. वळणावर मोटारीचा आवाज आला आणि मी खांबाआड उभा राहिलो, जनावरासारखा.

काय बोलणार होतो ते ठरलेलं नव्हतं. माफी मागायची तर तोंडातून आधी "तू मला फसवलंस" येईल अशी भीती वाटते.

८ नोव्हेंबर

पुस्तिका आली. छापायला आधीच गेली होती, कुणालाच ती थांबवायचं सुचलं नाही. माझं पान आहे तसंच आहे. मोठी अक्षरं केली तरी मला वाचता येत नाही, म्हणून गुनवोरला वाचायला सांगितलं. "जनावर जागीच" इथपर्यंत ती आली आणि थांबली. मी म्हटलं, पुढे वाच. तिने वाचलं.

हिल्डिंगचं पान नाही. त्याने दिलंच नाही म्हणे.

१५ नोव्हेंबर

आज हिल्डिंग आला.

कुणीतरी पायरीवर बूट झटकतंय हे ऐकलं आणि ते झटकणं ओळखलं. गुनवोरने दार उघडलं. तो आत आला, पण बूट काढले नाहीत. दाराशीच चटईवर उभा राहिला. मी त्याच्याकडे सरळ पाहिलं की तिथे नुसता राखाडी डाग. बाजूला पाहिलं की तो दिसायचा: खांदे, टोपी हातात. त्याला कदाचित वाटलं असेल, मी तोंड फिरवतोय.

"संघ सोडला मी," तो म्हणाला. "तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आलो."

"तू का सोडायचास?"

"आंधळ्याच्या हातात बंदूक मी ठेवली. तू नाही."

"मी सूप सोडून गेलो होतो."

"मला माहीत होतं तू जाशील. सकाळीच माहीत होतं. तरी गेलो, कारण सगळ्यांना सांगावं लागलं असतं." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "टुस्साला पुढे सोडायला नको होतं. ती तुझ्याकडेच येत होती, एवाल्ड. तुझा वास आला तिला. शेपूट हलवत येत होती."

गुनवोर चुलीकडे वळली. मी खुर्चीचा हात धरून ठेवला. असं वाटलं, हे त्याने मला सांगायला नको होतं. मग वाटलं, हेच सांगायला तो आलाय, आणि ते एकट्याने वाहून त्याची पाठ मोडली असती.

काही बोलायला हवं म्हणून, की मला खरंच हवं होतं म्हणून, मी विचारलं, "ते चारही तूच मारलेस. तुला त्यात काही मिळालं का?"

चटईवर त्याचे बूट सरकले, मला वाटलं निघाला.

"जनावर मी बघतच नव्हतो," तो म्हणाला. "बार टाकला की लगेच तुझ्या तोंडाकडे बघायचो. लेका, तुझं तोंड असं व्हायचं ना... बायको गेल्यावर वर्षभर मी त्या एका दिवसाची वाट बघायचो. स्टेलानने पान मागितलं तेव्हा हेच लिहायला बसलो होतो. लिहिता कसं येणार?" मग वेगळ्याच आवाजात: "आता ते तोंड आठवलं की मला मळमळतं."

"मला माफ कर" असं मी म्हटलं. किंवा मनात म्हटलं. गुनवोर म्हणते की मी म्हटलं.

"कॉफी ओतली आहे," ती म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "बूट ओले आहेत."

दार लागलं. पायऱ्यांवर त्याची पावलं वाजली, मग बर्फात बुडाली. मी खिडकीशी गेलो. पांढरं, आणि मधे तो डाग. मान इकडे केली, तिकडे केली.

"तळ्याच्या वाटेने गेला की रस्त्याने?" मी गुनवोरला विचारलं.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"गेला नाहीये. फाटकापाशी उभा आहे."

"काय करतोय?"

"काही नाही. घराकडे बघतोय."

मी खाली वाकून बूट चाचपायला लागलो. एक सापडला. दुसरा गुनवोरने हातात दिला.